पत्त्यांचे पुस्तक निवडताना

धर्मग्रामात राहणाऱ्या धर्मगुरूला पुस्तकांविषयीचे प्रश्न नवे नसतात. कुणाला कुटुंबप्रार्थनेसाठी पुस्तक हवे असते, कुणाला मुलाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीसाठी सोपी प्रश्नोत्तरे हवी असतात, तर एखाद्या निवृत्त शिक्षकाला संत अगस्तीनचे आत्मनिवेदन मराठीत मिळेल का, याची चौकशी करायची असते. टॅरो नावाचे पत्ते शिकण्यासाठी कोणते मार्गदर्शक पुस्तक घ्यावे, हा प्रश्न मात्र माझ्या इतक्या वर्षांच्या सेवाकाळात एकदाच आला. तो विचारणारी मुलगी आमच्याच धर्मग्रामातील होती. चित्रकलेचे शिक्षण घेतलेली, मुंबईतील एका जाहिरात कचेरीत नोकरी करणारी. तिच्या वडिलांचा अंत्यविधी दोन वर्षांपूर्वी मीच केला होता.

तिने माझ्या टेबलावर पत्त्यांचा एक कॅट आणि दोन इंग्रजी पुस्तके ठेवली. ‘फादर, ममी म्हणते हे सगळे जाळून टाक. मी म्हटले, आधी फादरना विचारते. यातले कुठले पुस्तक खरे?’

खरे कुठले, हा तिचा शब्द मला आवडला. चांगले कुठले, सोपे कुठले, असे तिने विचारले नाही. कॅट घरी ठेवून घेऊन तिला प्रायश्चित्त संस्काराची आठवण करून देणे मला अवघड नव्हते, आणि काही वाचकांच्या मते तेच माझे कर्तव्य होते. मी तिला पुस्तके माझ्याकडे आठवडाभर राहू दे, असे सांगितले.

या विषयाची मला थोडी माहिती होती, तिचे कारण विचित्र आहे. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाचे नाव प्रथम कानावर आले. फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाचा हा थोर भाष्यकार १९४४ साली कॅथॉलिक झाला आणि २०११ साली निधन होईपर्यंत ख्रिस्तसभेतच राहिला. याच डमेट यांनी १९८० साली टॅरोच्या खेळाच्या इतिहासावर एक भलामोठा ग्रंथ लिहिला, आणि १९९६ साली दोन सहकाऱ्यांसह या पत्त्यांच्या गूढविद्येचा उगम शोधणारे दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने पत्त्यांवर इतका घाम गाळावा, याचे तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना हसू आले होते. आता त्या श्रमाचे मोल कळते.

डमेट यांनी दाखवून दिले ते थोडक्यात असे. पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुस्लिम जगातून आले. इजिप्तच्या मामलूक राजवटीतील पत्त्यांवर चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असत. पोलो ठाऊक नसलेल्या युरोपीय माणसाने त्या काठ्यांचे साधे दंड करून टाकले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील सरदारांच्या दरबारांत या छप्पन्न पत्त्यांना आणखी बावीस चित्रांची जोड मिळाली. ती चित्रे म्हणजे खेळातील हुकूम, दुसरे काही नव्हे. मिलानच्या सरदारांसाठी हाताने रंगवलेल्या व सोन्याचा वर्ख लावलेल्या एका कॅटाचे अठ्ठ्याहत्तरपैकी चौऱ्याहत्तर पत्ते आजही न्यूयॉर्क आणि बेर्गामो या दोन शहरांत विभागून जपलेले आहेत. हरवलेल्या चारांत एक सैतान आहे. तो नेमका कुठे गेला असेल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही!

आमच्या कोकणात सावंतवाडीला गंजिफा खेळत. त्या गोल पत्त्यांवर विष्णूचे दहा अवतार रंगवलेले असत. पवित्र चित्रे हाती घेऊन डाव मांडण्यात त्या खेळाडूंना विसंगती वाटली नाही. इटलीतही तसेच घडले असावे. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास एका अज्ञात धर्मोपदेशकाने जुगाराविरुद्ध दिलेल्या प्रवचनात टॅरोच्या बावीस चित्रांची यादी आहे. देवाला, देवदूतांना आणि पोपना जुगारात ओढल्याबद्दल तो संतापतो. भविष्यकथनाचा मात्र अवाक्षरानेही उल्लेख करीत नाही. कारण तशी प्रथाच नव्हती.

मग ही गूढविद्या आली कोठून? १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या प्रॉटेस्टंट विद्वानाने जाहीर केले की, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचा वाचलेला ज्ञानग्रंथ आहे. इजिप्तची चित्रलिपी शँपोलियोंने उलगडली ती १८२२ साली. म्हणजे ज्या भाषेचे एक अक्षरही तेव्हा कुणाला वाचता येत नव्हते, त्या भाषेचा हवाला देऊन हा सिद्धांत उभा राहिला. पाठोपाठ एतेला हे नाव घेतलेल्या एका ज्योतिष्याने त्यावर धंदा उभारला. पुढे एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही यांनी बावीस चित्रे बावीस हिब्रू अक्षरांना जोडून दिली. हे लेव्ही म्हणजे मूळचे आल्फॉन्स लुई काँस्टाँ, पॅरिसच्या सेंट सल्पिस सेमिनरीत शिकलेले, उपगुरुपदापर्यंत पोहोचून गुरुदीक्षेपूर्वीच बाहेर पडलेले. सेमिनरीत शिकलेला माणूस भरकटला, तरी त्याचे हिब्रू त्याच्याबरोबर भरकटते.

मुलीने आणलेल्या पहिल्या पुस्तकात इजिप्तची कथा पहिल्याच पानावर, जणू काल सिद्ध झाल्यासारखी, छापलेली होती. त्या पुस्तकाचे नाव मी घेत नाही. तशी पुस्तके रेल्वे स्थानकाबाहेरच्या पदपथावरही मिळतात. शिवाय त्यातील चित्रे तिच्या कॅटाची नव्हतीच. तिचा कॅट होता १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला, आर्थर एडवर्ड वेट यांनी योजलेला. पुस्तक लिहिले होते जुन्या फ्रेंच मार्सेय पत्त्यांवर. तेथे न्याय आठवा आणि धैर्य अकरावे. वेट यांनी या दोघांची अदलाबदल केली. विद्यार्थ्याच्या हाती एक पाठ्यपुस्तक आणि परीक्षा दुसऱ्याच पुस्तकावर, असा तो प्रकार. याच कारणाने मनात आलेला आणखी एक ग्रंथ मला बाजूला ठेवावा लागला. व्हॅलेंटिन टॉमबर्ग यांची टॅरोवरील बावीस चिंतनपत्रे त्यांच्या निधनानंतर निनावी प्रसिद्ध झाली. हान्स उर्स फॉन बाल्थाझार यांच्यासारख्या ईशज्ञान्याने त्यांचा परिचय करून दिला. ते भाविक कॅथॉलिकाचे लिखाण आहे. पण तेही मार्सेय चित्रांवर आहे, आणि गूढवादाच्या इतक्या गल्ल्या त्यात आहेत की, दुःखात असलेल्या तरुणीच्या हाती ते देण्यास माझे मन धजेना.

दुसरे पुस्तक खुद्द वेट यांचे, १९११ सालचे होते. वेट यांची भाषा जड, आणि गुप्त परंपरेचा सोसही मोठा. तरीही इजिप्तच्या दंतकथेला पुरावा नाही, हे ते स्पष्ट लिहितात. नुसत्या भविष्यकथनाविषयी त्यांना फारसा आदर नव्हता, हेही पानोपानी जाणवते.

मला अधिक भावली ती चित्रे काढणारी स्त्री. पामेला कोलमन स्मिथ. तोवर बहुतेक कॅटांत साध्या पत्त्यांवर नुसते पाच चषक किंवा सात दंड असत. या बाईने प्रत्येक पत्त्यावर माणसे आणली, प्रसंग आणले. काम फार मोठे होते आणि पैसा फार थोडा मिळाला, असे तिने एका स्नेह्याला पत्रात कळवले होते. १९११ साली तिने कॅथॉलिक धर्म स्वीकारला. पुढे वारशाने थोडे धन मिळाल्यावर कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्यावर घर घेऊन सुटीवर येणाऱ्या धर्मगुरूंसाठी तिने विश्रामगृह चालवले. १९५१ साली ती कर्जात वारली. तिचे सामान कर्जफेडीसाठी लिलावात गेले. ज्या चित्रांच्या असंख्य प्रती जगभर खपल्या, त्यांच्या कर्तीच्या थडग्याचा पत्ता नाही. तिच्यासाठी एखादी मिस्सा अर्पण करणारा त्या पाहुण्या धर्मगुरूंपैकी कुणी उरला असेल का, असे मनात आले.

आठवड्याने मुलगी आली, तेव्हा मी आधी तिला विचारले, ‘बाळ, तुला हे शिकायचे कशासाठी?’

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, कचेरीतील एक सहकारी मधल्या सुट्टीत पत्ते मांडते. तिने विसावे पान काढले आणि सांगितले, तुझे पप्पा तुला हाक मारताहेत, त्यांचे काही सांगायचे राहिले आहे. ‘फादर, पप्पा गेले त्या दिवशी आम्ही भांडलो होतो. सकाळी मी न बोलता ट्रेनला गेले. मला दुसऱ्या कुणाकडून नको, माझे मला वाचता आले पाहिजे.’

शौल राजा एन-दोरच्या स्त्रीकडे रात्री वेषांतर करून गेला, तो काही भविष्याच्या कुतूहलापोटी नव्हे. देव उत्तर देत नव्हता आणि शमुवेल मरण पावला होता. त्या अध्यायाकडे मी आजवर केवळ शिक्षेच्या बाजूने पाहत आलो नाही, याचे त्या दुपारी बरे वाटले. मी तिला स्पष्ट सांगितले: पत्त्यांना विचारणे, मृतांना बोलावणे, हे ख्रिस्तसभा मान्य करीत नाही. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात ते निषिद्ध आहे. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही भविष्यकथनाचे सर्व प्रकार नाकारले आहेत. यात मला सूट देता येत नाही, आणि देता आली असती तरी मी दिली नसती. जी सहकारी तिच्या वडिलांच्या नावाने बोलली, तिला ते माहीत असणे शक्य नव्हते.

मग मी तिला तो विसावा पत्ता काढायला सांगितला. कर्णा वाजवणारा देवदूत, कर्ण्याला क्रुसाचा ध्वज, खाली शवपेट्यांतून उठणारे स्त्री, पुरुष आणि मूल. ‘तू चित्रकार आहेस. यात हाक कोण मारतो आहे?’ तिने पाहिले. ‘देवदूत.’ ‘आणि पप्पा कुठे असतील?’ तिने बोट खाली, उठणाऱ्या माणसावर ठेवले. करिंथकरांस पहिल्या पत्रातील पंधरावा अध्याय मी तिच्या वडिलांच्या मिस्सेत वाचला होता. तिला तो आठवत नव्हता. त्या दिवशी कुणाला काय ऐकू येते? मी तो पुन्हा वाचून दाखवला. मृताकडून जिवंताला येणारा निरोप त्या चित्रात नाही. तेथे दोघांनाही एकच हाक येते आहे.

पुस्तकाचा निर्णय त्यानंतर फार लांबला नाही. इजिप्तवाले पुस्तक तिने माझ्याकडेच ठेवले. वेट यांचे पुस्तक चित्रे समजण्यापुरते वाच, भविष्याची प्रकरणे सोडून दे, आणि इतिहासासाठी मुंबईच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात डमेट शोध, असे मी कागदावर लिहून दिले. धैर्य, न्याय आणि संयम हे तीन सद्गुण या बावीस चित्रांत आहेत. चौथा, विवेक, तेथे का नाही यावर विद्वानांनी पुष्कळ डोके खाजवले आहे, तेही तिला सांगितले. त्यावर ती प्रथमच हसली.

तिच्या आईला मी निरोप पाठवला की, जाळपोळ करू नये. ते त्या माउलीला पटलेले नाही. रविवारी मिस्सेनंतर ती अजून मला त्याविषयी बोलते, आणि तिची काळजी अनाठायी आहे असे मला म्हणवत नाही. मुलगी तो कॅट पुन्हा मांडत नसेल, याची हमी मी देऊ शकत नाही. मी तो मागून घेतला नाही.

निघताना तिने २ नोव्हेंबरच्या मिस्सेसाठी वडिलांचे नाव लिहून घ्यायला सांगितले. वहीत नाव लिहीत असता तिने विचारले, ‘फादर, मी सॉरी म्हटलेले त्यांना कळेल?’ मी म्हणालो, ‘ते देवाला सांग. पप्पा आता त्याच्याकडे आहेत.’ तिने पत्ते पिशवीत टाकले, आणि संध्याकाळची सहा वाजताची एसटी पकडायला ती घाईने बाहेर पडली.