मुदखेडचा आडवा वारा

मुदखेड जंक्शनवर उतरणाऱ्या प्रवाशाचे स्वागत बहुधा वाराच करतो. नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवरील हे तालुक्याचे गाव. येथून एक लोहमार्ग उमरी-धर्माबादवरून निजामाबादकडे जातो, तर दुसरा भोकर-किनवटवरून आदिलाबादची वाट धरतो. तालुका फुलशेतीसाठी ओळखला जातो. गुलाब-मोगऱ्याचे मळे येथे नवलाचे नाहीत. मृगाच्या आगेमागे नैऋत्येचा वारा सुटला की फलाटावरची धूळ रुळांना आडवी धावू लागते. गाडीला त्याचे सोयरसुतक नसते. तिची वाट लोखंडाने बांधलेली असते.

नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी विमानतळावरून उडणाऱ्या विमानाला मात्र ही सोय नाही. तेथील धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम. तिच्या दोन टोकांवर १० आणि २८ असे आकडे आहेत, म्हणजे एका दिशेला सुमारे १०० अंश व दुसरीला २८०. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली येथून हैदराबादची सेवा सुरू झाली, तेव्हा मोंढ्यातील अनेक घरांना रात्रभराचा प्रवास वाचल्याचे समाधान वाटले असेल. ते विमान सत्तरेक प्रवाशांचे होते. दोन किंवा चार आसनांच्या विमानाची गोष्ट वेगळी.

ती समजून घ्यायला खळ्यावरची उपणणी आठवावी. सुपातून धान्य सोडले की वारा दाण्याला फारसा हलवत नाही, भूस मात्र दूर नेऊन टाकतो. आडव्या वाऱ्यापुढे मोठे विमान दाण्यासारखे असते. लहान विमानाची गत भुसाच्या बरीच जवळ जाते.

समजा, आषाढात वारा २४० अंशांवरून २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने, वाहतो आहे आणि वैमानिक पश्चिमेकडे तोंड करून २८ क्रमांकाच्या पट्टीवर उभा आहे. वारा व पट्टी यांत ४० अंशांचा कोन. हिशेब केला तर त्यातील सुमारे १३ नॉट सरळ बाजूने अंगावर येतात. शिकाऊ वैमानिकांच्या परिचयाचे सेस्ना १५२ हे विमान. त्याच्या पुस्तिकेत चाचणीत सिद्ध झालेला आडवा वारा १२ नॉट नोंदवला आहे. त्यापुढे विमान उडतच नाही असे नव्हे, पण नवशिक्याने तेथे हात घालू नये.

वारा डावीकडून येतो, हेही येथे महत्त्वाचे. शेपटीचा उभा पंखा वाऱ्याने ढकलला जातो आणि नाक वाऱ्याकडे, डावीकडे, वळू पाहते. त्यातच अशा विमानाचा पंखा पूर्ण जोराने फिरू लागला की तोही नाक डावीकडेच ओढतो. दोन ओढी एकाच बाजूच्या! म्हणून उजवा पाय सुकाणूवर घट्ट दाबावा लागतो आणि हातातील दांडा डावीकडे कलता ठेवावा लागतो. नाहीतर वाऱ्याकडचा पंख आधी उचलला जातो. वेग वाढेल तसा दांडा हळूहळू सैल करावयाचा, पण पूर्ण सोडावयाचा नाही.

चूक बहुधा घाईत होते. चाके थरथरू लागली की धास्तावलेला शिकाऊ वैमानिक वेग पुरा होण्याआधीच विमान वर ओढतो. ते क्षणभर उचलले जाते, वाऱ्याबरोबर बाजूला सरकते आणि तिरपे खाली टेकते. मग पट्टीबाहेर जाणे किंवा पंखाचे टोक जमिनीला लागणे यात दोन-तीन सेकंदांचेच अंतर उरते. नाक हाताबाहेर जात आहे असे कळताच इंजिनाचा जोर काढून घेणे व पट्टीवरच थांबणे हा उपाय प्रत्येकाला शिकवलेला असतो. तो त्या क्षणी सुचणे अवघड.

वाऱ्याचा बेभरवसा लातूर जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. २५ मे २०१७ रोजी निलंगा येथून तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सिकोर्स्की हेलिकॉप्टरने उड्डाण केले. ते विमान नव्हते, त्याला धावपट्टीही नको होती. पण वर उठताच वाऱ्याची चाल बदलती असल्याचे वैमानिकाला जाणवले आणि त्याने उतरण्याचा निर्णय घेतला. उतरताना हेलिकॉप्टर तारांत अडकून कोसळले. आतील सर्व जण सुखरूप राहिले. मराठवाड्याचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना आणखी एक गोष्ट सांगायला नको: तापलेली हवा विरळ होते, आणि विरळ हवा कोणत्याही पात्याला कमी आधार देते.

अलीकडे व्यापारी घरांतील मुले-मुलीही वैमानिक होण्यासाठी बाहेर पडतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि प्रत्येक तासाचे पैसे घरातून जातात. ‘आज वारा आहे, उड्डाण झाले नाही,’ असा फोन आला की वडिलांच्या मनात खर्चाचे आकडे उमटतात. पेढीवर बसणाऱ्याची ती सवयच. वास्तविक त्या दिवशी मुलाने पट्टीशेजारची फुगलेली कापडी पिशवी पाहिली, कोन मोजला आणि शिक्षकाला ‘आज नको’ असे सांगितले, हाही अभ्यासच झाला. तासांच्या वहीत मात्र त्याची नोंद होत नाही.

संध्याकाळी मुदखेडला वारा बहुधा मंदावतो. आदिलाबादची गाडी निघते, धूळ खाली बसते.