वर फॅमिली आहे, मॅडम

परमिट रूमच्या दारात पाऊल टाकलं की मला ऐकू येणारं पहिलं वाक्य हेच. सोबत ऑफिसातली एखादी मैत्रीण असते, कधी तीही नसते. फॅमिली म्हणावी ती मंडळी घरी वरणभात जेवत असतात. पण मुंबईच्या बारमध्ये एकटी बाईसुद्धा फॅमिलीच, आणि तिची जागा माळ्यावर. अरुंद जिना, गारठवणारा एसी, उंच पाठीचे सोफे, कोपऱ्यात कुजबुजणारं जोडपं, आणि त्याच बाटलीला वरचा वेगळा दर. खरा बार खाली असतो. सनमायकाची टेबलं, करकरणारे पंखे, आवाज बंद करून लावलेली मॅच, गल्ल्यावर उदबत्तीच्या धुरातला गणपती. मला खाली बसायचं असतं.

मी बार पारखते तो या दारातच. "खालीच बसते" म्हटल्यावर वेटर काय करतो? काही जण मालकाकडे बघतात आणि मालक वहीत बघतो. काही ठिकाणी रिकामी टेबलं एकाएकी 'रिझर्व्ह' होतात. चांगल्या बारात तो खांद्यावरचं फडकं काढून टेबल पुसतो, विषय संपला. आजूबाजूच्या नजरा येतात. येणारच, माझी तक्रार नाही. आलेली नजर किती वेळात परत जाते ते मी मोजते. माझा पहिला घोट होईपर्यंत सगळे आपापल्या ग्लासात बुडाले असतील, तर ती जागा मी लक्षात ठेवते.

नंतर मोरी. चखणा बघून बार ठरवणारे पुष्कळ. मी आधी कडी बघते. कडी लागते का, दिवा लागतो का, आणि तिथवर जायची वाट पुरुषांच्या मुतारीतून जाते का. यावर हसणाऱ्या मित्रांनी एकदा दोन बिअर पिऊन दादर ते डोंबिवली तसंच बसून जावं.

कडी लागली की मग चखण्याबद्दल निवांत बोलता येतं. उकडलेले चणे, वर बारीक कांदा, मिरची, लिंबू. ही बिनपैशांची बशी जिथे न मागता येते आणि न मागता पुन्हा भरते, तिथला मालक भला माणूस असतो, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नये. मसाला पापड मऊ पडायच्या आत टेबलावर आला पाहिजे. बोंबील दाबून पाणी काढलेला, रव्यात घोळवून कुरकुरीत तळलेला हवा. शहरातले बरेचसे परमिट रूम उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टींचे, त्यामुळे आतून चिकन सुक्क्याचा वास येतो, गल्ल्यावर तुळू चालते आणि 'अण्णा' या एका शब्दावर सगळा व्यवहार भागतो. जायचं तर श्रावणात. गटारीच्या रात्री उभं राहायलाही जागा नसते, दुसऱ्या दिवसापासून निम्मी टेबलं ओस. बाहेर पाऊस, आत पंखा, आणि बोलायला वेळ असलेला वेटर.

नावाजलेल्या जागा मला वर्ज्य नाहीत. कुलाब्याच्या मोंडेगरमध्ये भिंतभर मारिओ मिरांडाची माणसं आहेत, फोर्टातल्या कॅफे मिलिटरीत इराणी खिम्यासोबत गार बिअर मिळते. तिथे बाई कुठे बसली याची कुणी नोंदही घेत नाही. पण ती पाहुण्यांना न्यायची ठिकाणं. जिथून चालत घरी जाता येतं तो आपला बार. माझा दादरात आहे. नाव सांगत नाही. टेबलं नऊच आहेत.

'परमिट रूम' हे नावच गमतीचं. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्याकडे अजून आहे, आणि कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना लागतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. 'आजन्म' वाचलं की मला जन्मठेपच आठवते. बंदीच्या कडक वर्षांत हे शहर प्यायचं कुठे? आंटीकडे. धोबीतलाव, वांद्रे अशा भागांतल्या गल्लीबोळांत कुणा ख्रिस्ती बाईच्या पुढच्या खोलीत बाकडी मांडलेली असायची. नवटाक हातभट्टी, सोबत उकडलेलं अंडं. उधारी तिच्या डोक्यात, भांडखोराला बाहेर काढणारी तीच, हवालदाराचं मिटवणारीही तीच. अड्डा बाईचा, बाईच्या घरात, आणि गिऱ्हाईक पुरुष तिला वचकून. मग बंदी सैल झाली, परवाने निघाले आणि गल्ल्यावर पुरुष बसला. पुढे 'लेडीज बार'च्या पाट्या आल्या. तिथे बाई होती ती नाचायला किंवा ग्लास भरायला. २००५ मध्ये सरकारने डान्स बारवर बंदी घातली तेव्हा तिच्या चारित्र्याची काळजी सगळ्यांनी केली, तिच्या घरभाड्याची फारशी कुणी केली नाही. आणि पैसे देऊन प्यायला आलेली बाई? ती वर, फॅमिलीत.

हे सगळं मी एका पावसाळी रात्री आमच्या बारच्या म्हाताऱ्या वेटरला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, सोडा की पाणी?"

मॅडमची ताई कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या श्रावणात धाकटा भाऊ पुण्याहून आला होता, त्याला तिथे घेऊन गेले. ऑर्डर मी दिली, बोंबील मी परत पाठवला, सोडा मी मागवला. शेवटी नव्या पोराने बडीशेपेची बशी आणि खाली दाबलेलं बिल आणून भावासमोर ठेवलं. पुरुष टेबलावर असला की बिल त्याच्याकडेच जातं, मला सवय आहे. इतक्यात गल्ल्यावरून अण्णा तुळूत काहीतरी बोलले. आवाज चढला नव्हता. पोरगं परत आलं, भावाच्या हाताखालून बशी उचलली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

भाऊ बघतच राहिला. "काय म्हणाले गं ते?"

"मला कुठे तुळू येते," म्हणत मी पाकीट काढलं.