बागेचं फाटक आणि एकराचा एक टँकर

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. दुपारच्या उकाड्यात झोप लागत नसेल तर वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

होळी झाली की जालन्यात एक प्रश्न दरवर्षी पडतो. पोरांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, संध्याकाळी सातला सुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, कुठंतरी झाडाखाली घेऊन चला की. आता नेणार कुठं? मोतीबाग आहे, आणि नशीब की आहे. पण अख्खं शहर एका बागेत किती मावणार? रविवारी तिथं पाळण्याला रांग असते आणि बाकड्यासाठी डोळ्यांनीच भांडणं चालतात. बाकी मग राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी. देवदर्शन होतं, पण दुपार काढायला सावली लागते ती वेगळी.

गंमत अशी की जिल्ह्यात हिरवळ नाही असं मुळीच नाही. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, कुठल्याही रस्त्यानं जा. चैत्रात रानं उघडी पडलेली, पऱ्हाट्या उपटून झालेल्या, आणि मधेच गडद हिरवा चौकोन दिसतो. मोसंबीची बाग! जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी बातम्या केल्या, पेढे वाटलेले फोटो छापले. पण शहरात राहणाऱ्या किती जणांनी मोसंबीच्या झाडाखाली बसून बघितलंय? माझ्या मुलीच्या वर्गातल्या पोरांना विचारलं, मोसंबीचं फूल कसं असतं? एकाने सांगितलं, नारंगी. फूल पांढरं असतं हो, आणि जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत बाग फुलली की रस्त्यानं मोटारसायकलवर जाणाऱ्यालाही वास येतो. जिल्ह्याची ओळख ज्या फळावर आहे त्याचं फूल जिल्ह्याच्या पोरांना माहीत नाही, कारण बागेला तार आहे, फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे.

कुलूप कधी उघडतं ते आपल्याला ठाऊक आहे. हुरड्याला. डिसेंबर ते फेब्रुवारी शेतात बाजा टाकल्या जातात, माणशी काही शे रुपये घेतले जातात, गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही, रेवड्या, बैलगाडीत फेरी. चांगला धंदा आहे, माझी तक्रार नाही. कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० ला आलं, त्यानंतर तर पाट्याही वाढल्या. पण हुरडा संपला की पाट्या उतरतात. थंडीत, जेव्हा घराच्या गच्चीवरही बरं वाटतं, तेव्हा शेत उघडं. आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा माणसाला झाडाची खरी गरज, तेव्हा बंद.

आधी असं नव्हतं हे चाळिशीच्या पुढच्यांना सांगायला नको. आमराया होत्या. गावरान आंब्याची ती झाडं कुणाच्या तरी मालकीची असायची, सातबाऱ्यावर नाव असायचं, पण सावलीला मालक नव्हता. वाटसरू बसायचा, लग्नाचं वऱ्हाड उतरायचं, बैल सोडून गाडीवान झोपायचा. फळाचा मामला वेगळा. फळ बागवानाला विकलेलं असायचं, राखण्या गोफण घेऊन माळ्यावर बसलेला असायचा, आणि दगड मारणाऱ्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण खाली पडलेला पाड उचलला तर कुणी बोलत नव्हतं. फळ मालकाचं आणि सावली सगळ्यांची, असा कुठंही न लिहिलेला करार होता. आमराया गेल्या. काही वाटण्यांत गेल्या, काही आरा मशीनवर, काही रस्त्यात. त्या करारासाठी कुणी बोंब मारली नाही, कारण तो कागदावर नव्हताच.

मागच्या पंधरवड्यात अंबड रोडकडच्या एका बागेत जाऊन आलो. नाव देत नाही, मालकानेच नको म्हटलं. सकाळी साडेसहाला गेलो. झाडांच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावलेली, बुंध्याभोवती काडीकचऱ्याचं आच्छादन, ठिबकच्या काळ्या नळ्या. आंबे बहाराची फळं गोटीएवढी झालेली आणि खाली गळही पडलेली. मालक चालता चालता गळलेली फळं पायानं बाजूला सारत होते. प्रत्येक वेळी 'च्च' करत होते. ऊन वाढलं की गळ वाढते आणि पाणी कमी पडलं की आणखी वाढते.

तिथं मला बहाराचं गणित नीट कळलं. आंबे बहार घ्यायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की फूल येतं. फळ मात्र अख्खा उन्हाळा झाडावर. म्हणजे मार्च ते जून पाणी पाहिजेच. ज्याच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही तो मृग बहार धरतो. त्याची बाग मे महिन्यात ताणावर असते, पानं मलूल, आणि पावसावर फूल धरतं. तेव्हा भर मेमध्ये जी बाग हिरवीगार आणि फळांनी लगडलेली दिसते, तिच्यामागे पाणी आहे हे नक्की समजा.

किती पाणी? वीस बाय वीस फुटांवर लावली तर एकरात शंभर-एकशेआठ झाडं बसतात. मेमध्ये मोठ्या झाडाला दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एकराला रोज साधारण दहा-अकरा हजार लिटर. आपल्याकडे गावात येतो तो मोठा टँकर जवळपास तेवढाच असतो. एका एकराला रोज एक टँकर! आणि टंचाईच्या गावात टँकरचं पाणी सरकारी हिशेबानं माणशी २० लिटर. म्हणजे एक एकर बाग एका दिवसाला जे पिते, त्यात पाचशेवर माणसांचा कोटा बसतो.

थांबा. लगेच कमेंटमध्ये मालकाला शिव्या घालू नका. हे गणित मी त्यांच्यासमोरच मांडलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "दादा, खरंय तुमचं. पण २०१२ चं साल आठवा."

आठवतंय ना. २०१२-१३. मी तेव्हा तालुक्याच्या बातम्या करायचो. घाणेवाडीचा तलाव कोरडा, शहरात पाणी महिन्यातून एक-दोनदा, आणि गावोगावी मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन बागा जगवायचा प्रयत्न केला, दागिने मोडले, आणि तरी शेवटी कुऱ्हाड लावली. मोसंबीला फळ धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात. पंधरा वर्षांची झाडं सरपणाच्या भावानं गेलेली मी बघितलीत. ज्याच्या बापानं ते बघितलं, तो आज शेततळ्यात पन्नी अंथरून पाणी साठवतो, तर त्याला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती मी त्यांना सांगितली. शेततळं तुमचं, पन्नी तुमची, पण त्याला अनुदान आपल्या सगळ्यांच्या पैशातून मिळालं. 'मागेल त्याला शेततळे' २०१६ ला आली तेव्हा रांगा लागल्या होत्या. आणि ते तळं पुष्कळ ठिकाणी पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरत नाही, विहीर-बोअर उपसून भरलं जातं. जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही. तुमच्या बोअरला लागलेलं पाणी शेजारच्या दोन एकरवाल्याच्या विहिरीतूनही आलेलं असू शकतं. मग बाग तुमची खासगी, पण तिच्यात थोडासा सगळ्यांचा वाटा आहे की नाही?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाटा म्हणजे काय करू म्हणायलात? फाटक काढून टाकू?"

नाही हो. फाटक काढायचं नाही, उघडायचं. वर्षातून चार-सहा रविवार, सकाळचे तीन तास.

ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये १९२७ साली सहाशेनऊ लोकांनी आपापल्या घरच्या बागा लोकांना बघायला खुल्या केल्या. माणशी एक शिलिंग. जमलेले पैसे घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या नर्सेससाठी दिले. ते आजही चालू आहे, तीन हजारांवर बागा वसंतात-उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी उघडतात आणि त्यांची यादी पिवळ्या कव्हरच्या पुस्तकात छापून येते. काही मोठ्या हवेलीच्या बागा, काही आपल्या वाड्याच्या परसाएवढ्या. घरमालकीण केक आणि चहा विकते, तोही त्याच कामाला. इंग्रजांचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा आणि त्यांच्या गुलाबाला कुणी बोअर मारत नाही, हे मान्य. पण मालकी न सोडता फाटक कसं उघडावं, याची रीत त्यांनी बसवली.

आणि इतकं लांब कशाला? आपल्या कडवंचीला बघा. पाणलोटाचं काम नीट झालं, शेकडो शेततळी झाली, द्राक्षाचं गाव झालं. द्राक्ष काढणीच्या दिवसांत बाहेरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून शेतकरी गाड्या भरून येतात आणि गावातले लोक स्वतःच्या बागेत फिरवून छाटणी, पाणी, खर्च सगळं सांगतात. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि कृषी विद्यापीठानं शिवार फेरीची सवय लावली म्हणूनच आपल्याकडे एक शेतकरी दुसऱ्याच्या बांधावर बिनधास्त जातो. पण ही दारं शेतकऱ्याला शेतकऱ्यासाठी उघडी आहेत. भाजी मंडईत हमाली करणाऱ्याच्या बायकोला, स्टील कारखान्यात भट्टीवर रात्रपाळी करणाऱ्याला, म्हाताऱ्या आईला व्हीलचेअरवर घेऊन येणाऱ्या बाईला कुणी शिवार फेरीला बोलवत नाही. तिला कृषी पर्यटनाची माणशी फी परवडत नाही, आणि तिला तसंही जेवण-बैलगाडी नको आहे. तिला झाडाखाली अर्धा तास बसायचंय.

मालकांच्या हरकती मी मोडीत काढत नाही. त्यांनी एकेक सांगितल्या. लोकं फळं तोडतात. कोवळं फळ तोडून, आंबट लागलं म्हणून तिथंच फेकतात. ठिबकच्या नळीवर पाय देतात, पोरं नळी उपटून पिचकारी करतात. गुटख्याच्या पुड्या. रील काढायला फांदीवर चढतात. आणि सगळ्यात मोठी भीती शेततळ्याची. पन्नी घसरडी असते, आत पडलेलं माणूस चढून वर येऊ शकत नाही. दरवर्षी पोरं बुडल्याच्या बातम्या मीच लिहितो. त्यामुळे तळ्याला जाळीचं कुंपण नसेल त्या बागेनं फाटक उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग बाग कितीही सुंदर असो. बायकांसाठी आडोसा नसेल तरीही नको. आपल्याकडे 'निसर्गरम्य' म्हटलं की संडासाचा विषय कुणी काढत नाही.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. माणशी वीस रुपये घ्या, लेकरं फुकट. जमलेले पैसे गावच्या गाळ काढायच्या कामाला, नाहीतर शाळेच्या पाण्याच्या टाकीला द्या, आणि किती जमले ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. दुसरं, फाटकावर एक पाटी लावा. झाडं किती, बहार कोणता, रोज पाणी किती लिटर, पाणी येतं कुठून. बस्स. ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्याला ही पाटी लावायला लाज वाटायचं कारण नाही. उलट ठिबकवर आणि आच्छादनावर त्यानं किती पाणी वाचवलं तेही लोकांना कळेल. आणि ज्याला ती पाटी नको वाटते, त्यानं का नको वाटते याचा विचार घरी बसून करावा. मी बातमी करणार नाही.

या पाटीवरून आमच्यात जरा वाजलंच. ते म्हणाले, "वीस रुपयांचं काय नाही, पण पाणी लिहिलं तर उद्या गावातले भांडायला येतील." मी म्हटलं, येऊ द्या, आज ते तुमच्या पाठीमागे भांडायलेत, तेव्हा समोर येऊन भांडतील. हसले. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. त्यांच्या घरच्या बाई मात्र आतून म्हणाल्या, "लिव्हा की. चोरी थोडीच हाय."

आतापर्यंत सात जणांशी बोललोय. तिघांनी होकार दिलाय, एकाने पुढच्या वर्षी म्हटलंय कारण त्याची बाग यंदा ताणावर आहे, दोघांनी सरळ नाही सांगितलं आणि एकजण फोन उचलत नाही. होकार देणाऱ्यांतले दोघं मोसंबीवाले आणि एक केशर आंब्याची बाग. तिन्हीकडे तळ्याला कुंपण आहे, मी स्वतः बघून आलो. तुमच्या ओळखीत कुणी बागायतदार असेल तर त्यांच्याशी आधी बोला, मग मला इनबॉक्स करा. कमेंटमध्ये कुणाचा नंबर टाकू नका.

येणाऱ्यांसाठी एवढंच. सकाळी साडेसहा ते साडेनऊ, त्यानंतर ऊनही सोसत नाही आणि फवारणीची कामंही असतात. फळाला हात लावायचा नाही, खाली पडलेल्यालाही विचारून. नळीवरून उडी मारायची, नळीवर नाही. डीजे, स्पीकर, ड्रोन आणू नये. आणि पिण्याच्या पाण्याची बाटली घरूनच भरून आणा.