टर्बो झोपलेला असताना

ट्यून केलेली गाडी म्हणजे गल्लीतले बदनाम पोरगे. मोहल्ल्यात कुठे काच फुटली की पहिले नाव त्याचेच. गाडीने झटके दिले, ॲव्हरेज पडले, दिवा लागला, काहीही होवो, ऐकणारा लगेच म्हणतो, "रिमॅप केलाय ना? मग होणारच." कधी कधी ते खरेही असते. पण माझ्या भाच्याच्या गाडीत या एका वाक्याने दोन महिने आणि तीसेक हजार रुपये खाल्ले.

गाडी युरोपीय बनावटीची सेदान, १.८ लिटर, टर्बो पेट्रोल, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद १६० वरून दोनशेच्या पुढे नेली होती. शिवाय तेल लावायचा कापडी एअर फिल्टर, आणि पाय सोडला की 'सुस्स' आवाज यावा म्हणून टर्बोच्या व्हॉल्व्हखाली एक स्पेसर. (मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, हे मी भाच्याला सांगून पाहिले. त्याने "हो मामू" म्हटले आणि विषय बदलला.)

दुखणे असे होते. स्लोला गाडी मिसिंग करायची. काटा ७५० वर ठरायचा नाही, सहाशे ते नऊशे असा नाचायचा. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने, पाय हलका ठेवून चालवली की बारीक झटके. पण पाय पूर्ण दाबला की गाडी साफ! पन्हाळ्याचा चढ अशी चढायची की शेजारी बसलेल्याने हँडल धरावे.

एका संध्याकाळी तावडे हॉटेलजवळ हायवेला वळताना ती बंद पडली. मागच्या सीटवर माझी बहीण आणि नात, आणि समोरून उसाचा ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारले म्हणून आज हे लिहितोय. त्या रात्री मेहुण्याने निकाल दिला, "गाडी विकून टाक." भाच्याला ते कर्ज अजून दोन वर्षे फेडायचे होते.

तोवर त्याने काय काय बदलले होते? स्कॅनरवर पी०३०० असा कोड आला, म्हणजे सिलिंडर मिसफायर होताहेत. मिसफायर म्हणजे ठिणगी, असे धरून चारही प्लग आणि चारही कॉइल नवे टाकले. फरक शून्य. ट्यूनिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, घेऊन या, नवी फाइल टाकू, पैसे वेगळे. खरे तर पी०३०० एवढेच सांगतो की सिलिंडरमध्ये जाळ नीट झाला नाही. ठिणगी कमी पडली, पेट्रोल कमी पडले की हवा जास्त झाली, हे तो सांगत नाही. आणि त्याच यादीत खाली पी०१७१ होता, मिश्रण पातळ आहे सांगणारा. त्याच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

मग मी त्याला उद्यमनगरातल्या एका उस्तादांकडे नेले. वय पासष्टच्या पुढे, हयात इंजिन उघडण्यात गेलेली. मला वाटले, हे बॉनेट उघडून कान लावतील. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारले, "कब खोकती? कब नहीं खोकती?" भाच्याने सगळे सांगितले. उस्ताद हसले. "बेटा, टर्बो सोता है तब तेरी गाडी खोकती, जागता है तब अच्छी चलती. फिर टर्बो कू कायकू गाली देते?"

माझ्या मते गाडीचे अर्धे निदान या एका प्रश्नातच झाले.

स्लोला किंवा हलक्या पायावर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि इंजिन हवा ओढत असते, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. बाहेर हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल (कोल्हापूर समुद्रसपाटीहून उंचावर, म्हणून शंभरला थोडा कमी), तर आत तीस-चाळीस. कुठे बारीक भोक असेल तर बाहेरची हवा आत घुसते. ही हवा एअर-फ्लो सेन्सरपुढून गेलेलीच नसते, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात ती नाही. स्लोला इंजिन मुळात थोडीच हवा घेते, त्यामुळे चोरून आलेली चिमूटभर हवाही मिश्रण बिघडवते. पाय दाबला की इंजिन भरपूर हवा घेते, त्यात ती चिमूट हरवते. टर्बो दाब देऊ लागला की मॅनिफोल्डमध्ये ओढच उरत नाही. टर्बो, ठिणगी किंवा ट्यूनिंगची फाइल कमजोर असती, तर गाडी बहुधा उलटी वागली असती, जोर लावताना अडखळली असती.

उस्तादांनी भाच्याचाच ब्लूटूथ स्कॅनर लावायला सांगितला आणि फ्युएल ट्रिम वाचायला लावले. ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, तो हा आकडा. पाचच्या आत असला तर ठीक. इथे स्लोला अधिक १८, आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ९. स्लोला जास्त आणि रेसला कमी, म्हणजे हवेची गळती. पण रेसलाही नऊ उरतातच कसे? उस्तादांनी तो आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवला.

गळती शोधायला त्यांच्याकडे घरगुती यंत्र आहे. रंगाचा जुना डबा, त्यात डिझेल गाडीचा ग्लो प्लग, थोडे बेबी ऑइल आणि कॉम्प्रेसरची अगदी हलकी हवा. पांढरा धूर इनटेकमध्ये सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचे. गॅरेजभर लोबान फिरवल्यासारखे झाले. (काही जण गरम इंजिनवर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधतात. आग लागते, मारू नका.) धूर पीसीव्हीच्या चकतीवरच्या बारीक छिद्रातून आला. क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा हा भाग, आत रबरी पडदा, आणि तो फाटलेला. इंजिन चालू करून उस्तादांनी छिद्रावर बोट ठेवले, काटा ७५० वर येऊन उभा राहिला. बोट उचलले, नाच सुरू. भाच्याने तीनदा स्वतः करून पाहिले.

या जातीच्या इंजिनांत हा पडदा फाटणे नेहमीचे आहे. रिमॅप न केलेल्या गाड्यांतही फाटतो.

नवा पीसीव्ही बसला. स्लोचा आकडा अधिक ५ वर आला, पण रेसला नऊचे नऊ, आणि चाळीसच्या वेगाला झटके थोडे होतेच. उस्तादांनी भिंतीकडे बोट दाखवले. कापडी फिल्टरला धुऊन तेल लावतात, आणि हौशी माणूस ते सढळ हाताने लावतो. ते तेल हवेबरोबर जाऊन एअर-फ्लो सेन्सरच्या तापलेल्या पापुद्र्यावर बसले होते, म्हणून सेन्सर हवा कमी मोजत होता. त्यासाठीचा खास क्लीनर मारला, कंपनीच्या मापाचा कागदी फिल्टर लावला. रेसचा आकडाही पाचवर. झटके गेले.

भाच्याला ते पाचही शून्य करायचे होते. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुनी फाइल जुन्या पेट्रोलसाठी लिहिलेली, म्हणून कॉम्प्युटर थोडे जास्त पेट्रोल घालणारच. आमच्याच जिल्ह्यातला ऊस तो, असे उस्ताद म्हणाले आणि चहा मागवला. ट्यूनिंगवाल्याकडून काही करून घ्यायचे असेल तर हे एवढे, आणि तेही सगळ्या गळती बंद केल्यावर. भोक असलेल्या इंजिनवर नवी फाइल चढवली असती तर ती त्या भोकाच्या मापाने शिवली गेली असती.

बिल चार हजार आठशे झाले, त्यात पीसीव्हीचेच निम्म्याहून जास्त. कॉइलचे पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या जुम्म्याला बहीण मागच्या सीटवर बसून त्याच वळणावरून गेली, तसबीह हातात घट्ट धरून. मेहुणे पुढे बसले होते आणि स्कॅनरचे आकडे मोठ्याने वाचत होते.

स्पेसर मात्र अजून तिथेच आहे. मोजून घेतलेली हवा पाय सोडताना बाहेर फेकली जाते, म्हणून गिअर बदलताना क्षणभर मिश्रण जाड होते आणि गाडी एक उचकी देते. उस्ताद म्हणतात तो काढ. भाचा म्हणतो, "चाचा, आवाज जाईल." या मुद्द्यावर दोघांची बोलणी चालू आहेत.