न दुखणारी जखम

“बाबा, हा काटा कवाचा हाय?” सिस्टरने विचारले, आणि बाकावर पाय लांब करून बसलेल्या त्या वृद्ध शेतकऱ्याने अत्यंत निर्व्याज मुद्रेने उलट विचारले, “कोणता काटा, माय?” बाभळीचा, बोटाच्या पेराएवढा काटा त्याच्या टाचेत रुतला होता, भोवतालची कातडी फुगून पांढुरकी पडली होती, आणि त्याच पायाने तो वावरातून चालत दवाखान्यापर्यंत आला होता, परंतु त्या काट्याची वार्ता त्याच्या मनापर्यंत पोहोचलीच नव्हती. अचलपूर तालुक्यातील एका लहानशा दवाखान्यात ऐकलेले हे दोन प्रश्न मी विसरू शकलेलो नाही. कारण वेदनेपासून सुटका व्हावी म्हणून जन्मभर देवाची आळवणी करणाऱ्या आपणा सर्वांना, ती वेदना खरोखरच नाहीशी झाली असता मनुष्य किती निराधार होतो, याची कल्पनाच नसते.

कुष्ठरोगाचे खरे क्रौर्य चट्ट्यांत नसून या बधिरतेत आहे. हान्सेन या नॉर्वेच्या वैद्याने १८७३ साली त्याचा जंतू शोधून काढला आणि पूर्वजन्मीच्या पातकाची जी समजूत या रोगाभोवती दाटली होती तिचा आधारच काढून घेतला. पुढे १९८३ पासून आपल्या देशात अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराला प्रारंभ झाला, आणि २००५ च्या अखेरीस दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण उरल्याची नोंद सरकारदफ्तरी झाली. परंतु औषधाने जंतू मरतात, तरी एकदा पुरती गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून दफ्तरात ज्याचे नाव बऱ्या झालेल्यांच्या सदरी गेले त्याचा पाय बधिरच राहतो, आणि त्या पायाची पुढची सारी जोखीम सिस्टरच्या वहीत मांडली जाते.

सकाळी ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातील एखादे गीत म्हणून झाले की ती वही उघडते. तापाने फणफणलेले मूल, रक्तदाब तपासून घ्यायला आलेली आजी, सातवा महिना लागलेली सून, ही मंडळी रांगेत असतातच. पण भिंतीलगत ओळीने मांडलेल्या टबांत पाय बुडवून बसलेले लोक हा तिच्या दिवसाचा गाभा. वीस मिनिटे साध्या पाण्यात पाय भिजले, की ती समोर ठेंगण्या स्टुलावर बसते, मऊ झालेले घट्टे घासून काढते, बोटांच्या बेचक्यांत पाहते, तळव्यावरून आपला हात फिरवून कोठे ऊब अधिक लागते का याचा अदमास घेते, कारण आत दाह सुरू झाल्याची पहिली खूण ती ऊबच असते; मग ओल्या त्वचेवर तेल लावते, आणि शेवटी मऊ रबराच्या चपला उलट्या करून त्यांत खिळा वा खडा शिरलेला नाही ना, याची रुजुवात करून घेते. चिघळलेल्या जागी ती जो कापूस ठेवते तो तर या वऱ्हाडाचे वैभव. वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी ज्यांची बधिर बोटे नकळत ओरबाडली जातात, त्यांच्याच बोटांवर तो शुभ्र होऊन, औषधाचा वास घेऊन परत येतो.

वऱ्हाडाला ही सेवा नवी नाही. अचलपूरजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे इस्पितळ फार जुन्या काळापासून आहे; वाशीम अकोला जिल्ह्यातच मोडत होते त्या काळी नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ तेथे उभे राहिले; आणि अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ‘तपोवन’ उभारून, समाजाने वेशीबाहेर घातलेल्या या माणसांना हक्काचे घर आणि हाताला काम दिले. धर्म निराळे, पण पुढे केलेला हात एकच. तथापि, परक्याच्या देहाला स्पर्श करणे आणि रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणे कुलीन स्त्रीला अशोभनीय, असा दंडक जेव्हा होता, तेव्हा ख्रिस्ती मुलींनी पुढे होऊन हा शुभ्र वेष पत्करला, हे ऋण मराठी समाजाने मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याचे स्मरण या कामात होत असेल, असे मी एकदा सिस्टरला म्हणालो. “ते तर आहेच,” ती हातातले काम न थांबवता म्हणाली, “पण पाय धुतल्याशिवाय जखम दिसत नाही.” याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावी जन्मलेल्या आणि १९५६ साली वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी खराटा का हाती घेतला आणि कीर्तनाला मागाहून का उभे राहिले, हे मला त्या उत्तराने उमगले.

त्या वृद्धाचा काटा निघाला, जखम धुतली गेली, पट्टी बसली. तो मात्र हे सारे दुसऱ्याच कोणाच्या पायाला घडत असल्यासारखे कुतूहलाने पाहत होता. ज्या पायाला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याचे दुखणे आपल्या तळहाताने ओळखायचे, आणि तेही आज, उद्या, परवा, वारकऱ्याच्या नेमाने, कंटाळा न करता: परिचर्या या शब्दाचा याहून सखोल अर्थ मला ठाऊक नाही.

म्हणून वाचकहो, एवढेच सांगणे आहे: आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला आणि त्यावर स्पर्श कळेनासा झाला, तर तो लाजेने झाकून ठेवू नका. औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, उपचाराची मुदत प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभराची असते, आणि वेळीच गेलात तर हातापायांची जाणीव वाचू शकते. दुखत नाही, म्हणून थांबू नका. दुखत नाही, म्हणूनच जा.