पिनकोडची गाणी

पडद्यावर गाणारा एक आणि त्याच्या पाठीमागे उभी पंधरा-वीस पोरं. ती गात नव्हती, काही वाजवतही नव्हती. हात उंचावत होती, कॅमेऱ्यात रोखून बघत होती, बस्स. मुंबईच्या रॅपचे व्हिडिओ एकापाठोपाठ एक दाखवायचा कार्यक्रम होता आणि भाच्याने मला आग्रहाने नेलं होतं. मी आकाशवाणीच्या भावगीतांवर वाढलेली. तिथे गाणाऱ्याचा चेहरासुद्धा दिसायचा नाही. न राहवून विचारलं, "ही बाकीची मुलं कशाला रे?"

"मावशी, ती त्याच्या एरियातली. ती मागे नसतील तर हा तिथलाच आहे हे कोण मानेल?"

शब्द काही केल्या हाती लागेनात. हिंदीत सुरू झालेली ओळ मराठीत शिरायची, मग कुठल्या तरी नाक्यावरच्या बोलीत. शेवटी मी शब्दांचा नाद सोडला आणि जागा बघायला लागले. आणि मग गंमत कळायला लागली: इथे प्रत्येक जण आधी पत्ता सांगतो, तोही आकड्यात. सतरा म्हणजे धारावी, ४०००१७. एमसी अल्ताफच्या एका गाण्याचं नावच 'कोड मुंबई १७'. एकोणसाठ म्हणजे डिव्हाइनची अंधेरी पूर्व, सत्तर म्हणजे नेझीचा कुर्ला. ज्या वस्तीचा पत्ता अर्जावर लिहितानाही पोरं चाचरतात, तोच इथे छाती पुढे काढून सांगितला जातो. मला हे फार मोठं वाटलं.

नेझीचं 'आफत' २०१४चं. बीट इंटरनेटवरून घेतलेली. गाणं आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलेलं आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर चित्रित केलेला. म्हणजे ना स्टुडिओ, ना निर्माता. पुढच्याच वर्षी डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में' आलं, २०१९मध्ये ते 'गली बॉय'मध्ये नव्याने वाजलं आणि देशभर पोचलं. सिनेमातलं मी आधी ऐकलं होतं. पण मला विचाराल तर 'आफत'मधला तो धीट पोरगाच जास्त पटतो. त्याला थांबवायला कुणी नव्हतं आणि सांभाळायलाही कुणी नव्हतं.

मग 'स्वदेशी' या गटाचं 'द वारली रिव्होल्ट' लागलं आणि मी सावरून बसले. रॅपच्या माऱ्यात अचानक प्रकाश भोईर यांचा आवाज येतो. भोईर आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्यात राहणारे आदिवासी. विषय त्यांच्या जमिनीचा आणि झाडांचा. मी इतकी वर्षं मुंबईत राहते, गोरेगावहून आरेच्या रस्त्याने कितीदा गेले आहे. पण त्या झाडांमध्ये पाडे आहेत, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतात, हे मला कुणा गाणाऱ्याने याआधी कधी सांगितलं नव्हतं. गाणं २०१९चं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून अधिक झाडं रात्रीतून तोडायला घेतली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर बहुतेक पडलेली होती. हे ठाऊक असताना ते गाणं पाहणं सोपं नाही. भोईरांच्या आवाजात विनवणी नाही. हक्क आहे.

याच गटात तोडफोड नावाने गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार होता. २०२२मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. एका गटात कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत गातो आणि एकमेकांच्या ओळी तोलून धरतो. भाषांवरून भांडणाऱ्या या शहराला हे त्या पोरांनी करून दाखवलं आहे.

दोनेक व्हिडिओ मात्र नुसते गाड्या-गॉगलचे होते. ते कुठल्याही शहरात चालले असते.

निघताना भाच्याकडून नावं लिहून घेतली. पहिलं नाव 'स्वदेशी'तल्याच सौरभ अभ्यंकरचं, अमरावतीचा आहे आणि मराठीत लिहितो. त्याला आधी डोळे मिटून, नुसता कानांनी ऐकणार आहे. मराठीत तरी शब्द निसटू द्यायचे नाहीत.