काशीची शिदोरी

वाईला कृष्णेच्या काठी घाट आहेत, देवळे आहेत. म्हणून या गावाला 'दक्षिण काशी' म्हणतात. तेथील गणपती घाटाजवळच्या एका जुन्या घरात राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला मात्र उत्तरेची काशी पाहावयाची होती. तिच्या आजोबांचे शिक्षण काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात झाले होते. त्या दिवसांविषयी बोलताना ते दोन आठवणींपाशी हमखास थांबत. एक कार्तिकातील आकाशदिव्यांची आणि दुसरी थंडीतल्या मलइयोची. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने आजोबांची दृष्टी गेली.

कार्तिकी पौर्णिमेसाठी आजी काशीला निघाली, तेव्हा नातही तिच्याबरोबर निघाली. निरोप देताना आजोबा म्हणाले, "बाळ, मला गंगाजल नको आणि पेढेही नकोत. तेथील दिवे आणि मलइयो, एवढे घेऊन ये." मुलगी "हो" म्हणाली खरी, पण दिवे आणावयाचे कसे, हा विचार तिला गाडी सुटल्यावर सुचला.

पौर्णिमेच्या दिवशी उन्हे कलताच दोघी दशाश्वमेध घाटावर नावेत बसल्या. काशीला गंगा उत्तरेकडे वाहते. ऐंशीहून अधिक घाट एकाच, पश्चिम तीरावर, चंद्रकोरीसारख्या वळणाने पसरले आहेत; समोरच्या तीरावर केवळ वाळू. त्या वाळवंटात घरे नाहीत. घाटांवर मात्र लगबग चालली होती. गल्ल्यांतील मुले पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या मांडीत होती. कोणी वाती भिजवीत होते, कोणी तेल ओतीत होते. देवळांच्या शिखरांमागे सूर्य मावळला आणि त्याच सुमारास समोरच्या वाळूवर पूर्ण चंद्र उगवला. पाहता पाहता पायऱ्यांवर ज्योतींच्या ओळी उमटल्या आणि पाण्यात त्यांच्या तितक्याच ओळी थरथरू लागल्या.

शंकराने त्रिपुरासुराचा वध केला, त्या आनंदाने या दिवशी देव गंगास्नानास उतरतात, अशी कथा आहे. म्हणून काशीत या सणाला देवदीपावली म्हणतात. आपल्याकडे त्याच दिवशी त्रिपुरी पौर्णिमा असते व देवळांपुढील दीपमाळा उजळतात. काशीतील सगळे घाट उजळण्याची आजची प्रथा मात्र फार जुनी नाही. १९८० नंतरच्या दशकात पंचगंगा घाटापासून ती वाढीस लागली. आजोबांच्या विद्यार्थिदशेत एवढी रोषणाई नव्हती. जे त्यांनी डोळे असतानाही पाहिले नव्हते, तेच मुलीला घरी न्यावयाचे होते.

तिने मोबाइल काढून भराभर छायाचित्रे घेतली. सात-आठ झाली असतील, तोच तिचा हात थबकला. ही छायाचित्रे आजोबांच्या काय उपयोगाची? तिने मोबाइल पिशवीत ठेवला आणि क्षणभर डोळेच मिटून घेतले. तेव्हा तिला वल्ह्याची चुबुक चुबुक ऐकू आली. दूरचा शंख ऐकू आला. तेलाचा आणि जळक्या वातींचा वास आला. नाव काठाजवळून गेली, तेव्हा थंडगार वाऱ्यातही गालाला किंचित ऊब लागली.

नाव उत्तरेकडे चालली. मणिकर्णिकेवर त्या रात्रीही चिता जळत होत्या. आजीने तेथे मुकाट्याने हात जोडले. पुढे शिंद्यांचा घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट आला. आपल्या ओळखीची नावे ऐकून मुलीला नवल वाटले. आजीने सांगितले, "अगं, आपले एकनाथ महाराज याच काशीत आले होते. पैठणास आरंभलेला भागवताचा ग्रंथ त्यांनी १५७३ साली येथे पुरा केला, तोही कार्तिकी पौर्णिमेलाच."

पंचगंगा घाटावर दगडी दीपस्तंभ शेकडो ज्योतींनी पेटला होता. त्याला 'हजारा' म्हणतात. तो अहल्याबाई होळकरांनी उभारला, असे तेथील लोक सांगतात. जवळच उंच बांबूंच्या टोकांना वेताच्या करंड्या टांगलेल्या होत्या व त्यांत मिणमिणते दिवे होते. हेच आजोबांचे आकाशदिवे! पूर्वजांची वाट उजळावी म्हणून ते कार्तिकभर लावतात. घरच्या दारावरील आकाशकंदील मुलीला त्या वेळी निराळाच वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी चौखंब्याच्या अरुंद गल्लीत गेल्या. मोठ्या थाळ्यात केशरी फेसाचा डोंगर घेऊन एक म्हातारा बसला होता. हेच मलइयो. दूध तापवून, निववून रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात. पहाटे ते रवीने घुसळतात आणि वर आलेला फेस अलगद काढून त्यात साखर, केशर, वेलची घालतात. थंडी असेतो हा फेस टिकतो. म्हणून ते केवळ हिवाळ्यात मिळते.

मुलीने डबा पुढे केला. "आजोबांसाठी हवे आहे. वाईला न्यावयाचे आहे."

म्हातारा हसला. "बेटी, हे दवाचे लेणे. उन्हाशी याचे पटत नाही. दुपारपर्यंत तुझ्या डब्यात नुसते दूध राहील."

मुलीचे डोळे भरून आले. दिवेही नेता येत नाहीत, मलइयोही नाही! मग तिने कुल्हड हाती घेतला आणि कधी नव्हे एवढ्या सावकाशीने ती खाऊ लागली. शेवटी म्हाताऱ्याने त्याच कुल्हडात थोडे केशरी दूध ओतले. तेही ती प्याली. रिकामा कुल्हड लोक तेथेच टाकीत होते. तिने आपला पुसून पदरच्या रुमालात बांधून घेतला.

घरी येताच आजोबांनी विचारले, "आणलेस का?"

मुलगी त्यांच्या पायाशी बसली. "आजोबा, आपल्या गणपती घाटाच्या पायऱ्या आठवा. त्या वाईत न संपता कित्येक मैल पुढे चालल्या आहेत, असे समजा. प्रत्येक पायरीवर पणत्या. वल्ही पाण्यात पडली की पाण्यातल्या ज्योती मोडतात आणि पुन्हा जुळतात. नाव काठाशी गेली की गालाला ऊब लागते." ती सांगत राहिली. आजोबा मान किंचित कलती करून ऐकत होते.

"आणि मलइयो?"

"चमच्यात काही आहे, असे वाटतच नाही. जिभेवर ठेवले की ते आहे म्हणेपर्यंत नाहीसे होते. मागे गारवा राहतो आणि केशराचा वास."

आजोबा मोठ्याने हसले. "तेच! अगदी तेच!"

मुलीने रुमाल सोडून कुल्हड त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो नाकाशी धरला आणि पुष्कळ वेळ खाली ठेवला नाही. संध्याकाळी तिने त्याच कुल्हडात तेलवात घातली. तुळशीपाशी तो दिवा लावताना तिने आजोबांचा तळहात ज्योतीजवळ धरला.

"लागली का ऊब?" तिने विचारले.

"लागली, बाळ," आजोबा म्हणाले. "दिवेही आले."